तीन खेपा

"ट्रॉली हवी, एका दिवसासाठी," म्हटलं फोनवर.
"माती की राडारोडा?" लांडगे म्हणाला.
"छप्पर."
तो थांबला. मागे म्हैस, किंवा कुणीतरी खोकणारं.
"छप्पर म्हणजे राडारोडाच की, मावशी.
दोन खेपा होतील. खेपेला अठ्ठावीसशे, भरणारी माणसं तुमची.
सिमेंटचे पत्रे असतील तर आधी सांगा,
ते उतरवून घेत नाही कुणी सहजी."

आधी सांगितलं नाही.
एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली,
कुठली गोष्ट कितव्या कॉलला सांगायची ते कळतं.

ट्रॉली आली रविवारी संध्याकाळी, भाडं सोमवारचं असताना.
विश्रांतवाडीच्या आमच्या गल्लीत ती उलटी घालायला
पाऊण तास, शिळीमकरांची एक कुंडी
आणि गल्लीतले सगळे सल्ले लागले.
ट्रॅक्टर सुटा होऊन गेला. ती राहिली,
दांडीखाली दगड, तोंड वासून.

सकाळी दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आले
तर अर्धी भरलेली.
एक कमोड. थर्माकोलचं मखर, गेल्या भाद्रपदातलं.
एक गादी, जिच्यावर कुणीतरी बरेच दिवस आजारी होतं.
चालायचं यंत्र, पट्टा नसलेलं.
शिळीमकरांचं दार बंद.
बेलसरे पेपर वाचत होते. उलटा धरला नव्हता, एवढंच.
मी बोलले नाही.
कमोड कुणाचा, हे कसं विचारायचं?

मग पत्रे.
अठ्ठ्याऐंशी साली पतपेढीचं कर्ज काढून घातलेले,
तात्पुरते.
"दोन वर्षांत स्लॅब टाकू," हे म्हणाले होते.
त्या तात्पुरत्याखाली मुलगी वाढली, ह्यांचा संधिवात वाढला,
आणि लोहगावहून लढाऊ विमान उठलं की
बोलणं अर्ध्यात धरून ठेवायला आम्ही शिकलो.
बोल्ट थरथरायचे थांबले, की वाक्य सोडलं होतं तिथून पुढे.
ह्यांचं एक राहिलंय तसंच.

मल्लप्पा आणि निंगम्मा वर चढले.
नाकातोंडाला ओला टॉवेल बांधा म्हटलं, दोनदा.
बांधला, माझ्यासाठी, दहा मिनिटं.
पत्रे फोडू नका, आख्खे उतरवा.
तिसरा फुटलाच.
मी पाईप घेऊन धूळ भिजवत उभी.

हॅलिफॅक्सहून ऋजुताचा फोन, तिथे मध्यरात्र.
"आई, माझे दात बघशील? वर टाकलेले."
"सगळे?"
"एक गिळला होता."
मग मी पन्हळीतला गाळ ओलाच चाळला,
पिठाच्या जुन्या चाळणीने, पासष्टाव्या वर्षी, गल्लीदेखत.
दोन चेंडू. मांज्याचा गुंता. हेअरपिन, माझीच.
वॉशर, वॉशर, वॉशर.
पांढरं बारीक काहीतरी, तळहातावर घेतलं,
कबुतराच्या मानेचा मणका निघाला.
निंगम्मा शिडीवरून म्हणाली, "हल्लू?"
"दात म्हणती ती," मल्लप्पा खालून.
तिने ओठ वर करून आपली फट दाखवली,
मग हात छपराच्या दिशेने उडवला,
जिथे आता छप्पर नव्हतं.

लांडगे आला, पत्रे बघितले.
"बोलला नाहीत."
"तुम्ही परत विचारलं नाहीत."
हजार वर मागितले, सातशेवर आला,
आणि दोनच्या तीन खेपा झाल्या.
तिसरीचे पैसे मी चार घरांत समान वाटून मागितले,
कमोडाचं नाव न काढता.
सगळ्यांनी दिले. शिळीमकरांनी सुट्टे.
कुंडीचं कुणी काढलं नाही.

रात्री वर निळी ताडपत्री, तात्पुरती,
नवे पत्रे गुरुवारी येतील म्हणतात.
साडेनऊला विमान गेलं.
काही थरथरलं नाही.
तरी थांबलेच होते मी,
आमटीचा डाव हातात धरून.