चारशे जीबी

ज्या हॉलात माझे वडील कागदाची रिळं गुंडाळायचे
तिथे आता सर्व्हर उभे आहेत.
खिडकीखालची नदी तीच,
तेव्हा लगदा धुवायची, आता यंत्रांचा ताप उतरवते.
मी रात्रपाळीची रायली.

नोव्हेंबरात ओस्सीने साफसफाई काढली.
पोरगा गुणी, झाडू हातात घेतला की कोपरा सोडत नाही.
किल्ल्यांच्या कोठारात एक बेवारशी किल्ली दिसली,
बनवणारा नोकरी सोडून गेलेला,
दोन वर्षांत कुणी हात न लावलेली.
पुसली.
बत्तीस बाइट.
आमच्याकडची एक लांब शिवीही तेवढ्यात जेमतेम बसेल.

फेब्रुवारीत एइला तेर्वो बाईंचं व्हॉल्यूम जोडायला घेतलं.
जोडेना.
पॅनेलवर हिरवा दिवा: उपलब्ध.
डिस्क ठणठणीत, तिन्ही प्रती ठणठणीत,
चारशे जीबी जागच्या जागी
आणि एकही बाइट ओळख देईना.
स्नॅपशॉट होते, अकरा. सगळे त्याच किल्लीचे.
कोठाराची प्रत आम्ही नव्वद दिवस ठेवतो.
तो एकशे चौथा दिवस होता.

कोड सगळा खुला.
रात्रभर बसून ओळ न् ओळ वाचली.
कुलूप कसं घडतं ते कुणीही बघावं,
लपवण्यासारखं त्यात काहीच नाही.
म्हणूनच ते उघडत नाही.

बाई आल्या, बुटांना बर्फ.
सहा हिवाळे त्यांनी तळ्यात भोकं पाडून माइक सोडले होते,
बर्फ तडकताना काय बोलतो ते टिपायला.
मी चूक सांगितली. ओस्सीचं नाव घेतलं नाही,
पण तो दारातच उभा होता, कान लाल.
"मग आत्ता तिथे काय आहे?"
"खरखर," मी म्हणाले.
"ऐकव."

कच्ची डिस्क तशीच स्पीकरवर सोडली.
एकसारखं सूंऽऽ, ना चढ ना उतार.
बाईंनी टोपी काढली. चार मिनिटं ऐकलं.
"असं वादळ सुटलं," त्या म्हणाल्या,
"की मी यंत्र बंद करून टाकायचे.
कशाला बॅटरी घालवायची, म्हणून."

शनिवारी ओस्सी त्यांच्याबरोबर तळ्यावर गेला,
ड्रिल खांद्यावर घेऊन. मी पाठवला नव्हता.
आम्ही नव्वदचे चारशे दिवस केले.
वरातीमागून घोडं.

ते व्हॉल्यूम अजून आहे.
पुसायचं का, असं पॅनेल दर तिमाहीला विचारतं.
महिन्याला चौदा युरोंचं बिल बाईंच्या विभागाला जातं.
त्या भरतात.