दुसऱ्या आवृत्तीआधी

नौपाड्याचे निवृत्त मुख्याध्यापक गोगटे सर
अजून पोस्टकार्ड लिहितात. या वेळी तीन आली,
एकात राग मावला नसावा.
"आपला नायक सख्ख्या बहिणीचा भूखंड खातो
आणि शेवटच्या पानावर दुपारचा घोरतो.
बाई, शिक्षा कुठे आहे?"
शिक्षा या शब्दाखाली दोन रेघा,
चुकलेल्या गणिताखाली मारत असतील तशा.

नेरूळच्या गॅलरीत, शेजारणीच्या सोड्यांच्या वासात,
मी उत्तर पाच वेळा लिहिलं, पाच वेळा फाडलं.
एकदा लिहिलं, सर, इथल्या कुठल्याही सोसायटीत
दुपारी अडीचला कान लावून बघा, किती घोरतात.
खरं होतं, पण ते उत्तर नव्हतं.
एकदा लिहिलं, पात्राचं मत म्हणजे लेखिकेचं मत नव्हे.
हे तर माझं मलाच वाचवेना.

मग वाशीच्या वाचनालयात एक मुलगा भेटला,
दाढी कोरलेली, काखेत हेल्मेट.
"मॅडम, तुमचा अनंता एक नंबर! असंच पाहिजे.
रडत बसला असता तर कोपरखैरण्यात
भाड्यानंच राहिला असता."
सही मागितली. केली.
तीन पोस्टकार्डांनी जी झोप गेली नव्हती
ती त्या रात्री गेली.

आणि सुगंधा मढवी आली. करावे गावातून, चालत.
पिशवीत कादंबरी, तिला वर्तमानपत्राचं कव्हर.
नातीनं वाचून दाखवली होती, रोज दोन पानं.
पाणी प्यायली, भांडं पालथं घातलं,
म्हणाली, त्या रुमालाचं बोलायचंय.

पान एकशे बारा.
अनंता बहिणीचा अंगठा कागदावर टेकवतो.
कागद साडेबारा टक्क्यांचा. ती विचारते, कसला रे?
तो म्हणतो, लायटीच्या मीटरचा.
मग खिशातून स्वतःचा रुमाल काढून
तिच्या अंगठ्याची शाई पुसतो,
नखाच्या कडेचीसुद्धा. हळू.

संपादक म्हणाले होते, एवढं काढा,
वाचकाला धड शिवीही घालता येत नाही.

मी सावरून बसले. आता हीही म्हणेल, काढ.
ती स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होती.
"माझे भावसानी पन पुसला व्हता गो.
नसता पुसला त बरा झाला असता.
थुकले असते न मोकली झाले असते."
आणि मग, मान वर करून,
"तुला कसा कलला?"

सगळ्या कादंबरीभर मी बंदोबस्त केला होता
की हा प्रश्न कुणाला सुचू नये.

बेलापूरच्या त्या कार्यालयात, कोपऱ्यातल्या टेबलाशी
एकोणीस वर्षं मी कागद टाइप केले.
शाईचा पॅड माझ्या खणात असायचा.
झाकण घट्ट, कुणाला निघायचं नाही,
मी काढून द्यायचे
आणि अंगठा टेकून होईपर्यंत खिडकीबाहेर बघायचे.
तेव्हा तिथून मिठागर दिसायचं.
अंगठे पुष्कळ पाहिले, म्हणजे पाहिले नाहीत.
रुमाल एकदाच पाहिला.

चहा ठेवते म्हणून उठले.
गाळताना ठरवलं, आता सांगायचं.
बाहेर येऊन विचारलं,
साखर चालते ना?

गोगटे सर, उत्तराला उशीर झाला.
शिक्षा अजूनही नाही. अनंता घोरतोच आहे.
रुमालही जागच्या जागी.
त्या हेल्मेटवाल्या मुलाचं काय करायचं
मला माहीत नाही, तुम्हाला शाळेत सुचायचं का काही?
मी एवढंच केलं,
पान एकशे बारावर दोन ओळी वाढवल्या:
टेबलामागे एक टायपिस्ट बाई बसली होती.
पॅडचं झाकण तिनं उघडून दिलं.

तिला नाव दिलेलं नाही.
नवी प्रत करावे गावात पोचती केली आहे.
रोज दोन पानं, म्हणजे हिशेबानं
दिवाळीच्या आसपास
नात तिथवर येईल.