शिसं

आंबोळगडच्या सड्यावर माझा काटा चढला
टेम्पोतून, ताडपत्रीत गुंडाळून,
मासळीचा वास न सोडता.
एरवी तो जेटीवर असतो.
बांगडा, सौंदाळा, नशिबात असली तर सुरमई.
मी आकडा ओरडतो, पुकारणारा भाव ओरडतो,
आणि पस्तीस वर्षांत कुणी म्हटलं नाही
की दाजी पारकरचा काटा कुणाकडे झुकतो.

यंदा मोटरसायकली मोजायच्या.
पाच रविवार, पाच शर्यती,
कातळावर फक्कीने आखलेली वाट, वळणांना जांभ्याचे चिरे.
पहिल्या तिन्ही मुबीन सोलकरने मारल्या.
पोरगं सेहेचाळीस किलोचं, बूट धरून.
मडगार्ड, दिवे, स्टँड, सगळं उतरवलेली गाडी एकशे दोन.
तिन्ही वेळा दुसरा दिगू.

चौथ्या रविवारआधीच्या गुरुवारी
बर्फाच्या कारखान्यात बैठक झाली.
खातूशेठनी कागद वाचला:
गाडी आणि स्वार मिळून किमान एकशे पासष्ट.
कारण सुरक्षितता. कारण समान संधी.
मी चहात बिस्कीट धरून बसलो होतो,
ते तुटून तळाला गेलं.

खरं सांगू? नियम चुकीचा वाटला नाही मला.
अठ्ठ्याऐंशी किलोच्या माणसाने
चढावर गाडी पिळायची तरी किती?
पहिल्या शर्यतीपासून चारचौघांत मीच हे म्हणत होतो.
अठ्ठ्याऐंशी किलो म्हणजे दिगू.
दिगू म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा.
हे कागदावर नव्हतं.

सतरा किलो कमी.
मुबीनच्या बापाने जाळ्याची खालची दोरी उसवली.
पन्नास ग्रॅमची एक गोळी, वीस गोळ्यांचा किलो,
तीनशे चाळीस गोळ्या
सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये कोंबून
सीटखाली, इंजिनाच्या पोटाशी,
उरलेल्या आईने जाकिटात शिवल्या.
काट्यावर आला. एकशे पासष्ट, वर शून्य.
"काय दाजी," म्हणाला, "आता भरलो ना मी?"
मी आकडा ओरडलो. सवय.

तरीही दिगू पंचवीस किलोने जडच होता,
हे तेव्हा कुणी बोललं नाही.
पण अंगातलं वजन आपल्याबरोबर कलतं,
शिशाला ओळख लागत नाही.
चिऱ्यांच्या वळणावर शिसं एकीकडे निघालं, पोर एकीकडे.
पडला नाही. पाय टेकला,
कातळाने बुटाचा तळ सोलून घेतला.
तिसरा आला. पुढच्या रविवारी पुन्हा तिसरा.

कारकुनाने पाचही शर्यती एकाच रकान्यात मांडल्या,
तीन जुन्या, दोन नव्या.
दिगू चव्वेचाळीस, मुबीन बेचाळीस.
बेरीज मी तपासली. बरोबर होती.

रात्री झोप लागेना तेव्हा जेटी आठवली.
समजा अर्धी पाटी एका काट्यावर तोलली,
उरलेली दुसऱ्यावर,
आणि दुसरा काटा पहिल्याहून खरा असला,
तरी तांडेल मला उचलून खाडीत टाकतील.
आणि मी पोहत येऊन त्यांची माफी मागेन.
हंगाम संपू दे, मग आण की तुझा खरा काटा.
एवढंच बोलायचं होतं गुरुवारी.
तोंडात ओलं बिस्कीट होतं.

दिगूने पेढे आणले. चांगले होते.

मंगळवारी सोलकरांची होडी लागली.
गोळ्या पुन्हा ओवायला सवड झाली नव्हती.
"जाळं तळाला टेकलंच नाय," बाप म्हणाला,
माझ्याकडे न बघता, "मासा खालून गेला."
पाटी काट्यावर ठेवली. नऊ किलो दोनशे.
अंगठा नुसता टेकला असता तर दहा होत होते.
कावळे बसले होते. पुकारणारा थांबला होता.

"नऊ दोनशे," मी ओरडलो.
"नऊ दोनशे."

एकदाच ओरडायची रीत आहे.