अकरा अंश

कंपनीनं कळवलं होतं, आठ ते चारच्या मध्ये कधीही.
तो आला साडेचारला, फेरीबोट चुकली म्हणून.
व्हॅनच्या टपावर शिडी, तोंडात पाना,
माझं गुडघ्याचं दुखणं त्याच्याहून वयानं मोठं.
नाव योस्टाइन.

मी म्हटलं, छपरावर लाव, जुनी अँटेना होती तिथंच.
त्यानं होकायंत्र काढलं, दक्षिणेकडे हात ताणला,
हात थेट डोंगरावर जाऊन आपटला.
"उपग्रह तिकडे आहे," तो म्हणाला, "बरोब्बर ह्याच्या पोटामागे."
इतक्या उत्तरेला म्हणे तो डोक्यावर नसतोच,
क्षितिजापासून जेमतेम अकरा अंश.
समोरच्या उंच माणसाशी बोलताना
मान उचलावी लागते, तेवढाच.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
सत्तर वर्षं मी भलतीकडेच वर बघत आले.

मग छप्पर झालं, कोठीचा कोपरा झाला, फाटकाचा खांब झाला.
तो बाहेरून ओरडायचा, "आलं?"
मी टीव्हीसमोरून, "नाही!"
"आता?"
"मुंग्या!"
एकदा एक अर्धा माणूस आला, टाय लावलेला,
आणि चौकोन चौकोन होऊन खाली सांडला.
"आलं होतं! गेलं!"

उजेड संपत आला तेव्हा तो कुंपणाशी उभा होता.
"त्या बोटींच्या शेडवरून दिसेल.
तिथून खिंड सरळ समोर येते. कोणाची शेड?"
एडविनची.
"मग विचारा की."
मी वॉफल उलटत राहिले. एक करपलं.

एडविनशी माझा अबोला आहे, नऊ वर्षांचा,
किनाऱ्याच्या दोन मीटर पट्टीवरून,
जिथं आता त्याचीही बोट नसते, माझीही.
हे सांगायला मला अर्धा कप कॉफी लागली.
ऐकायला योस्टाइननं दोन घेतल्या,
टोपी चढवली, आणि गेला.

खिडकीतून दिसलं: एडविनच्या हातांची घडी.
मग सुटलेली घडी. मग पुन्हा घडी.

"ते म्हणतात, गंज न धरणारे स्क्रूच लावायचे."
सांग, पैसे मी देईन.
"म्हणतात, स्क्रू आहेत घरात."
सांग, मला फुकट नको.
तो गेला, आला, धापा टाकत.
"म्हणतात, वॉफलचा वास येतोय."
मी चार दिली. करपलेलं वरती ठेवलं, मुद्दाम.

चाळीस मीटर केबल.
तिला जायला त्या दोन मीटरशिवाय रस्ता नव्हता.

आता मी स्नूकर बघते.
खेळ पुरता कळत नाही.
पण सूर्य उगवतच नाही त्या दोन महिन्यांत
घरात एवढं हिरवं दुसरं काही नसतं.

डिसेंबरात एका रात्री ओला बर्फ धरला.
लाल चेंडू भोकाच्या तोंडाशी पोचला
आणि तिथंच फुटला, चौकोन चौकोन.
कंपनीच्या फोनवर संगीत. तुमचा क्रमांक एकोणीस.
मी फोन कानाशी धरून खिडकीकडे बघत होते, तर
शेडकडे एक विजेरी चाललेली, हळूहळू,
मागे झाडू घासटत.

पडद्यावर आधी एक कोपरा आला,
मग टेबल, मग काठीवाला माणूस. लाल चेंडू नव्हता.

मी खिडकी उघडली. थंडी तोंडावर आली.
नऊ वर्षांत त्या दिशेनं एक शब्द टाकला नव्हता,
काय टाकावा हेही सुचेना.
"आलं!" मी ओरडले.

विजेरी जरा थांबली. मग घरी गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानात तो बटाटे निवडत होता.
मी गाजरं बघितली, निघून आले.
अबोला आहेच.
फक्त बर्फ पडायला लागला
की मी त्या खिडकीची कडी काढून ठेवते.