हात जायला जागा

अंबडला, तिसऱ्या मजल्यावर, एसी बंद पडलेल्या खोलीत
संगणक मला सतरा दरवाजे दाखवतो.
एकाच धरणाचे सतरा.
एकही अजून वेल्ड झालेला नाही,
एकाच्याही अंगावर शेवाळ नाही.

तो विचारतो, सुरक्षिततेला किती वजन?
खर्चाला किती? पोलादाच्या टनांना?
बेरीज शंभर भरली पाहिजे.
मी सुरक्षिततेला चाळीस देते,
मग टाकळकर साहेबांचा चेहरा आठवून पस्तीस.
पाच गुण कुठे गेले, कुणी विचारत नाही.
संगणक तर नाहीच.

अकरावा पर्याय वर येतो,
पहिल्या नंबरच्या पोरासारखा, भांग पाडून.

निंबानाना आहेर चहाचा कप घेऊन मागे उभे.
सव्वीस पावसाळे त्यांनी दरवाजे उचलले, टाकले;
आता आमच्याकडे रोजाने येतात, जोडणी बघायला.
"ताई, ग्रीस कुठून घालायचं?"
मी निप्पल दाखवलं, बेअरिंगच्या पोटाशी.
"ते दिसलं. हात कुठून घालायचा?"

सारणीत पंधरा ओळी होत्या.
थकवा होता, गंज होता, भूकंप होता,
दहा हजार वर्षांतून एकदा येणारा पूर होता.
ऑगस्टमधल्या रात्री दोन वाजता
दातांत बॅटरी धरलेला माणूस
नव्हता.

मी सोळावी ओळ घातली.
नाव सुचेना. लिहिलं: हात जायला जागा.
संगणक म्हणाला, एकक?

नानांनी बाही वर सारली, कोपर टेबलावर टेकवलं.
मनगटाजवळ जुना व्रण, वाकडा, घाईत बुजलेला.
मी विचारलं नाही. पट्टी लावली.
कोपरापासून मुठीपर्यंत सदतीस सेंटिमीटर.
"पान्यासकट मोजा," ते म्हणाले.
त्रेपन्न.

अकरावा गळला. नववा गळला.
पडदा बराच वेळ पांढरा.
सतरांतले तीन राहिले, तिन्ही महाग,
एक तर इतका बोजड की बघवत नाही.
उद्या टाकळकर म्हणतील, एका हाताचे चौदा लाख?
आणि खरं सांगायचं तर
चौदा लाख हा आकडा मलाही मोठा वाटतो.

घरी जाताना गाडी पुलावर थांबवली.
एप्रिलची गोदा, तळाशी चिकटलेली,
दुतोंड्या मारुती पायापर्यंत कोरडा.
या गावात पूर अजून अंगानेच सांगतात:
गुडघ्याला आला, कमरेला आला,
गळ्याला लागला की दुकानं रिकामी करा.
कुणी एकक विचारत नाही.

फोन वाजला. प्रोग्रॅमचा निरोप:
सोळाव्या ओळीला वजन दिलेलं नाही.
दिलं तर बेरीज शंभरच्या वर जाते.
कुणाचं कमी करू?

पुलाच्या कठड्यावर कोपर टेकवून
मी उत्तर टाइप करत होते, पुसत होते.
ते पाच गुण मी कुठे ठेवले होते
मला चांगलं आठवत होतं.