एक फेरी आधी

शेफिल्डच्या पूर्वेला, जिथे पूर्वी पोलादाच्या भट्ट्या होत्या,
तिथे आता तांबड्या रबरावर आठ पांढरे पट्टे आहेत.
अरब देशांतल्या अठरा वर्षांखालच्या मुलामुलींच्या स्पर्धा
यंदा इथे का, ते मला कुणी नीट सांगितलं नाही.
पिवळं जाकीट चढवलं, रांगेत उभी राहिले,
आणि माझ्या हातात पितळी घंटा आली.

घंटा म्हणजे आमच्या घरचंच काम.
बाबा देवरुखला शाळेत शिपाई.
चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा, हातात कांब,
एकतीस वर्षं.

तीन हजार मीटर, मुलगे. साडेसात फेऱ्या.
पाऊस आहे म्हणावं तर दिसत नाही,
नाही म्हणावं तर चष्मा सारखा पुसावा लागतो.
ट्युनिशियाचे दोघे, मॉरिटानियाचा एक,
गुडघ्याला पट्टी बांधलेला सुदानचा,
आणि सगळ्यांच्या पुढे जिबूतीचा अवालेह रोब्ले,
खांदे जराही न हलवता,
डोक्यावर भरली कळशी असल्यासारखा.

कठड्यापाशी येमेनी म्हातारे.
याच जागी, त्या भट्ट्यांपुढे त्यांची उमर गेली,
कान गेले, म्हणून आवाज मोठे.
त्यांतल्या हाशिदचाचांनी सकाळी थर्मासमधून
वेलदोड्याचा चहा पाजला होता
आणि अस्सल यॉर्कशरी हेल काढून बजावलं होतं,
"लक्ष असू दे हं, लव्ह."

लक्ष होतं.
पण अवालेहने सगळ्यात मागच्या मुलाला गाठलं,
दोघे माझ्यासमोर एका रेषेत आले,
आणि मोजता मोजता घर चुकावं
तशी मी एका टाक्याने पुढे गेले.
घंटा वाजवली.
दणकून. बाबांची लेक.

तो जो सुटला!
कळशीबिळशी सगळी फेकून सुटला.
बाकीच्यांचे प्रशिक्षक कुंपणावरून ओरडले, बोटं नाचवली, सावध केलं.
त्याच्या प्रशिक्षकाला व्हिसाच मिळाला नव्हता.
रेषेपाशी त्याने हात उंचावले,
गुडघ्यांवर बसून कपाळ टेकवलं,
तेवढ्यात उरलेले सगळे
त्याला वळसा घालून पुढे गेले.

कुणीतरी त्याला खुणेने सांगितलं: अजून एक.
त्याने आधी त्या माणसाकडे पाहिलं.
मग घंटेकडे.

उठला. पोटाला हात लावून पळाला. चौथा आला.

मुख्य पंच डोरीन हॅटर्सली नियमांचं पुस्तक मिटून म्हणाल्या,
निकाल कायम.
मला एक फॉर्म भरायला दिला.
'कारण' या शब्दापुढे दोन ओळींची जागा होती.

बाबांनीही एकदा शाळा अर्धा तास आधी सोडली होती.
का, ते त्यांनी आईलाही सांगितलं नाही.
हेडमास्तरांनी दिवसाचा पगार कापला.
आम्ही पोरं मात्र दप्तरं उडवत पळालो होतो,
आणि घरी पोचलो तरी ऊन शिल्लक होतं.
घंटा लवकर झाली की कुणी रडतं,
हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

तो तंबूमागे बुटांच्या खिळ्यांतली माती काढत होता.
त्याच्याकडे सोमाली आणि फ्रेंच,
माझ्याकडे जे होतं ते त्याच्या उपयोगाचं नव्हतं.
सॉरी म्हटलं. दोनदा.
त्याने घंटा मागून घेतली, उलटी केली,
रिकाम्या डब्यात डोकवावं तसं आत पाहिलं.
मग सात बोटं दाखवली,
आणि आठवं अर्धं दुमडून.
बरोबर, म्हणाले. साडेसात.
लोलक मुठीत आवळूनच त्याने घंटा परत दिली.

उद्या मुलींची शर्यत आहे.
डोरीनबाईंनी घंटा माझ्याकडून काढून घेतलेली नाही;
घेतली असती तर बरं झालं असतं.
चढावरून धापा टाकत जाणाऱ्या बसमध्ये
मी तिचा लोलक तसाच मुठीत धरून बसले,
घाम आला तरी बोटं सैल केली नाहीत.

ओट्यावर ठेवताना
एवढीशी वाजलीच.