निळीचा हिशेब

कार्मार्थनच्या इस्पितळात मंगळवारी
डाव्या डोळ्यावरची पट्टी निघाली
आणि ग्वेन्लियनला आधी दिसली नर्सची कॉलर.
"केवढी पांढरी," ती म्हणाली,
तक्रार केल्यासारखं.

परतताना इडवालच्या गाडीत गप्पच होती.
मेंढ्या धुतल्यासारख्या. डांबरात जांभळी झाक.
पुलाखालची टायफी नदी
आठ वर्षं चहाच्या रंगाची वाहिली,
आज कुणी आभाळाचा तागा उलगडून
दोन्ही टोकं सोडून दिलेली.

पूर्वी गोठा होता तिथे तिचं काम चालतं.
दुधाच्या पातेल्यात आता मंजिष्ठ उकळते,
चर्चच्या स्वयंपाकघरातून कांद्याच्या साली येतात पोत्याने,
आणि कोपऱ्यात, जुन्या घोंगडीत गुंडाळलेलं
निळीचं पिंप,
विरजणासारखं उबेत ठेवलेलं.
वर तांब्याच्या रंगाची साय धरते.
कापड हिरवं बाहेर येतं
आणि हवेत, तुमच्या डोळ्यांदेखत, मन बदलतं.

त्या दुपारी तिने दिवा लावला,
फळीवरची घडी उचलली,
उलगडली,
आणि खाली बसली.
ही शेवाळी होती ना?
ही राखाडी?
या कडेला तर ओल्या पाटीचा रंग दिला होता,
हाताने, मोजून.
एकेक गोधडी निळी. निव्वळ निळी.
कुणीतरी ओरडत राहावं
आणि ओरडणाऱ्यालाच ऐकू येऊ नये, इतकी निळी.

मग वही काढली.
मार्च: पिवळट वाटतंय. आणखी एक बुडी.
जून: अजून पिवळट. आणखी एक बुडी.
पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी,
अक्षर मोठं होत गेलेलं,
आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तेच:
आणखी एक बुडी.
डोळ्यात मोती पिकत होता
आणि ती कापडाला दोष देत होती.

कार्डिफच्या प्रदर्शनात एका समीक्षकाने लिहिलं होतं,
एम्लिन गेल्यानंतर या बाईचं दुःख निळं झालं.
तेव्हा ती हसली होती,
निळं कुठे दिसलं याला?
बिचाऱ्याने डोळे तपासून घ्यावेत.

संध्याकाळी इडवालकडे गेली, न सांगता,
सरळ आतल्या खोलीत.
त्याच्या आईच्या तपकिरी कोटाचे चौकोन,
लोकरीचं अस्तर, मधोमध गोगलगायीसारखा
फिरत गेलेला धावदोरा.
नांगरलेल्या शेताचा रंग देईन, असा तिचा शब्द होता.

"दिली तेव्हाही अशीच होती?"
"हो."
"मग बोलला का नाहीस?"
इडवालने टोपी काढली, परत घातली.
"मला वाटलं, तुला शेत असं दिसतं."
मग बराच वेळाने, दाराकडे बघत,
"कोकरं जन्मतात त्या दिवसांत
पहाटे चारला कंदील घेऊन जातो ना मी,
तेव्हा असंच असतं ते."

घरी येऊन तिने उसवायची कात्री घेतली,
एका कडेचे तीन टाके काढले.
शिवणीच्या आत, जिथे ऊन कधी पोचलं नव्हतं,
रंग आणखी गडद होता.
तिने तिन्ही टाके परत घातले.
नव्या डोळ्याने ते वाकडे दिसले. राहू दिले.

उजव्या डोळ्याची तारीख नोव्हेंबरची.
चौकटीवर एक गोधडी अर्धी ताणलेली.
ती आधी डावा डोळा झाकून बघते: ओलं गवत.
मग उजवा झाकून: समुद्र.
दोन्ही उघडले की काहीच धड नाही.

सकाळी तिने इस्पितळात फोन लावला.
सहा आठवडे पुढे ढकलता येईल का?
नाही, भीती वगैरे नाही.
एक काम हातात आहे,
ज्या डोळ्याने सुरू केलं
त्यानेच संपवते म्हणते.

पलीकडची मुलगी काही टाइप करत राहिली.
पिंपात साय धरली होती.
ग्वेन्लियनने रिसीव्हर खांद्याने दाबून धरला
आणि कापड बुडवलं.